मामलेदाराचे लंघन

सोमवार, ६ एप्रिल १९५३

मामलेदाराने शनिवारपासून कशालाही तोंड लावलेले नाही. काल त्याच्यापुढे टाकलेला मुळ्याचा पाला तसाच सुकून गेला. खोक्याच्या कोपऱ्यात पाठ उंच करून, अंग चोरून बसला आहे आणि मधूनच दात खातो. सकाळी मला वाटले फडताळात उंदीर शिरला. लेंडी एकही नाही. पोटाला हात लावला तर भिजवून विसरलेल्या कणकेसारखे घट्ट लागले.

सशाला मामलेदार हे नाव आमच्या लेकीने, वेणूने ठेवले. तेव्हा अकरा वर्षांची होती. "दिवसभर एका जागी बसतो, तोंड हलवतो आणि कुणाचं काम करत नाही," असे तिचे म्हणणे. आमचे हे मामलेदार कचेरीतच अव्वल कारकून, त्यामुळे नाव ऐकून ह्यांना घाम फुटला. "निदान हाक मारताना दार लावत जा," म्हणाले. तेव्हापासून बाहेरचे कोणी आले की आम्ही त्याला नुसते साहेब म्हणतो. वेणूला जाऊन अडीच वर्षे झाली. साहेब आहेत.

शुक्रवारी समोरच्या बारशाची पुरणपोळी उरली होती. त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या पावलावर ठेवले, आणि मी तीन तुकडे घातले. ते बाधले. अजीर्णाला माझ्याकडे एकच औषध आहे. आजपासून लंघन. दिवसातून तीनदा सुंठेचे कोमट पाणी, दुसरे काही नाही. खोक्यातला पाला उचलून टाकला.

हे म्हणाले, "अगदीच काही द्यायचं नाही?"

मी म्हटले, "नाही."

लंघन कसे करवून घ्यायचे हे मला कोणी शिकवायला नको.

मंगळवार, ७ एप्रिल

आज त्याला कापडी पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. शेजारच्या हॅनाबाई वाक्रुळकर असत्या तर त्यांना आधी विचारले असते. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत. पण त्या सणासाठी पेणला बहिणीकडे गेल्या आहेत, परवा येतील.

डॉक्टर एका म्हशीच्या मागे उभे होते. हात धुऊन आले.

"काय आणलंय?"

"ससा."

"विकायचाय?"

"आजारी आहे."

त्यांनी रजिस्टर उघडले. "बाई, माझ्याकडे गाय, बैल, म्हैस, घोडा, शेळी, कोंबडी असे रकाने आहेत. सशाचा रकाना नाही. 'इतर'मध्ये घालतो. नाव काय?"

"साहेब," मी म्हटले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि लिहिले. पोट दाबून म्हणाले, वायू धरला आहे. खायला द्यावे का असे विचारले, तर म्हणाले, "खात असेल तर द्या की."

"खात नाही."

"मग प्रश्नच मिटला."

म्हणजे लंघन बरोबरच आहे. घरी येईपर्यंत पिशवीतून काही हालचाल नव्हती. दोनदा थांबून आत हात घालून पाहिले.

दुपारी सुकापूरची भामा गवताचा भारा घेऊन आली. ती आमच्या दाराशी रोज थांबते, सशासाठी मूठभर उपसून देते आणि पाणी पिऊन पुढे जाते.

"वयनी, आज गवत नको? सायब खय गेला?"

मी आजार सांगितला आणि लंघन सांगितले. तिने भारा खाली टाकला.

"लंघन म्हंजी उपास? तुमी एकादशी करता ती करा, तुमाला मोक्ष पायजे. सशाला काय करायचाय मोक्ष?"

"अजीर्ण झालंय गं त्याला."

"आमची बकरी खायाची थांबली का आमी घाबरतो. तुमी त्याला सोता थांबवता?"

"बकरी वेगळी, ससा वेगळा."

"पोट सगल्यांचा सारखाच हाय," म्हणाली, आणि न मागता हरळीची एक जुडी काढून दिली. "ओली हाय, हिरीवरची. त्याच्या नाकाशी ठेवा."

मी ती खिडकीत ठेवली, त्याला वास जाणार नाही अशी. भात केला होता तो तसाच राहिला. संध्याकाळी गाईला घातला.

बुधवार, ८ एप्रिल

सुंठ कुटायला खलबत्ता घेतला तर त्याला हिरवा वास. खिडकीतली जुडी अर्धी झालेली. मामलेदाराच्या हनुवटीचे केस हिरवे आणि चिकट.

हे मागच्या दारी दात घासत होते. सदऱ्याच्या बाहीवर डाग.

"तुम्ही त्याला खायला घातलंत."

"थोडं. वाटून, चमच्याने. गिळलं त्याने, थुंकलं नाही."

"मी नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मग?"

ह्यांनी चूळ भरली. "माझ्याकडे बघत होता तो."

"एकदा केलंत तेवढं पुरे नाही झालं?"

माझ्या तोंडून हे गेले. ह्यांनी तांब्या पालथा घातला, आत जाऊन कोट घातला, टोपी घातली आणि निघून गेले. आठ वाजले होते. कचेरी अकराची.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. वेणूला विषमज्वर झाला तेव्हा मी तिच्याकडून एकवीस दिवसांचे लंघन करवून घेतले. उकळलेले पाणी, लवंगेचे पाणी, बाकी काही नाही. ती पेज मागायची. मी स्वयंपाक करताना मधले दार लावून घ्यायची, तिला वास जाऊ नये म्हणून. सगळी आळी म्हणत होती, अशी घट्ट मनाची आई पाहिली नाही. आणि विसाव्या दिवशी, मी चुलीपाशी असताना, ह्यांनी तिला पेज दिली. खाटेखाली चमचा सापडला, त्याला शीत चिकटलेले. विचारले तर म्हणाले, चमचाभर दिली. बाविसाव्या दिवशी वेणू गेली. त्या तापात आतडे कागदासारखे होते, त्यावर अन्न पडले की फाटते, हे तेव्हा ज्याला त्याला ठाऊक होते.

त्यानंतर आम्ही बोलत नाही असे नाही. दूध, धोबी, पाहुणे, सगळे बोलतो. चमच्याचे कधी बोललो नाही. आज मी बोलले.

खोका आता माझ्या पाटाशेजारी आणून ठेवला आहे. माझी नजर चुकवून कोणी काही देणार नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

सकाळी त्याचे कान हातात घेतले तर थंड होते. सशाचे कान नेहमी गरम असतात, उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखे. वेणू हिवाळ्यात हात शेकायला त्याचे कान धरायची. मी त्याला पदरात गुंडाळून बसले. त्याचे डोळे उघडे होते, पण कशाकडे पाहत नव्हते.

हॅनाबाई दहा वाजता आल्या, पिशवी घरात ठेवून तशाच. मी सांगण्याआधी त्यांनी त्याला माझ्याकडून घेतले, पोट चाचपले, कान पोटाला लावून ऐकले. लग्नाआधी त्या दोन वर्षे परळला एका लस करण्याच्या ठिकाणी कामाला होत्या, तिथे शेकड्यांनी ससे असत.

"किती दिवस?"

"शनिवारपासून."

"आणि दिलंय काय?"

"सुंठेचं पाणी. लंघन चालू आहे."

हॅनाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी त्याचे ओठ बोटाने वर केले. "याच्या दातांत हिरवं आहे."

मी म्हटले, "ते ह्यांनी. मंगळवारी रात्री, मला न सांगता."

"बरं केलं. त्यावर तगलाय."

त्या सांगत गेल्या आणि मी पाठ करत गेले. सशाचे आतडे आपल्यासारखे विश्रांती घेत नाही. वरून खाणे पडत राहिले तर ते चालते, नाही पडले तर थांबते, सडते, फुगते, आणि मग ससा संपतो. हरळी वाटून कोमट पाण्यात पातळ करायची, चिमूट मीठ, चिमूट साखर, आणि दर दोन तासांनी सुईशिवायच्या पिचकारीने गालातून द्यायची. समोरून द्यायची नाही, घशात अडकते. पोट चोळायचे. जमिनीवर सोडून चालवायचे, नाही चालला तर ढकलायचे. पोटाशी गरम पाण्याची बाटली.

"याला अजीर्ण मारत नाही, वहिनी. उपास मारतो," त्या म्हणाल्या आणि पिचकारी आणायला गेल्या.

त्या परत येईपर्यंत मी त्याला घेऊन तशीच बसले होते. खिडकीत अर्धी जुडी होती. ती घेऊन वाटायला हवी, हे कळत होते. तरी उठले नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

वेणूच्या जुन्या परकरात त्याला घट्ट गुंडाळते, डावा हात मानेखाली, उजव्या हातात पिचकारी. पहिल्यांदा सगळे माझ्या अंगावर आले. दुसऱ्यांदा त्याने बोट चावले, रक्त आले, मला बरे वाटले, चावण्याइतका जीव आहे. दुपारी तेही नाही. तोंडात सोडलेला लगदा कडेने ओघळतो. मी त्याच्या गळ्यावर बोट ठेवून गिळण्याची वाट पाहते. एकदा गिळतो, मग बराच वेळ नाही. सकाळपासून अकरा घोट. लेंडी नाही.

हे पहाटेच वडाळे तळ्याच्या काठावरून हरळी घेऊन आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले. उन्हाळ्यात हिरवे फक्त तिथेच उरले आहे. जुडी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि उभे राहिले.

"मी धरू का त्याला? तुला दोन्ही हात मोकळे होतील."

"नको," मी म्हटले.

ह्यांनी मान हलवली आणि हरळीतली माती झाडत बसले. एक एक काडी, फायली लावतात तशी.

मला ह्यांच्याशी नीट बोलायचे आहे, पण हॅनाबाईंचे वाक्य मधे येते. ते सशाबद्दल होते. सशाचे आतडे वेगळे. त्या स्वतःच म्हणाल्या, आपल्यासारखे नाही.

शनिवार, ११ एप्रिल

आज तो एका कुशीवर पडला. उभा केला की कलंडतो. पोट ढोलासारखे. दात खाण्याचा आवाजही थांबला, आणि मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की घर रिकामे वाटले.

शनिवारी हॅनाबाई चूल पेटवत नाहीत, कामाला हात लावत नाहीत, त्यांच्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी लोकांच्या मशिदीतून येऊन नुसत्या बसतात. तरी आल्या. मी म्हटले, आज तुमचा शनिवार. "जिवाच्या कामाला शनिवार आड येत नाही," म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या. दोघींनी आळीपाळीने त्याचे पोट चोळले. त्याच्या नाकपुड्या हलतात एवढेच जिवंतपण. मी डोळे तिथून काढत नव्हते. नाक थांबले तर मला काय करायचे ते माहीत नव्हते. वेणूचे श्वास मी असेच मोजले होते.

मी विचारले, "हॅनाबाई, विषमज्वरात माणसाला खायला देतात?"

त्या चोळत राहिल्या.

"दवाखान्यात काय करतात ते सांगा."

"आता देतात," त्या म्हणाल्या. "पातळ. पेज, ताक, मोसंब्याचा रस. थोडं थोडं, पण देतात. ताकद राहावी म्हणून."

"अडीच वर्षांपूर्वी?"

हॅनाबाई उठल्या आणि मोरीत गेल्या. तिथे माझी सकाळची भांडी पडली होती. त्या ती घासू लागल्या. शनिवारी, माझ्या मोरीत, माझी भांडी. मी नको म्हटले नाही. मला वाटले त्यांना हात धुवायचे असतील, मग वाटले, उत्तर शोधत असतील. बराच वेळ त्या पाठमोऱ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा सगळेच तसं करत होते, वहिनी. तुम्ही एकट्या नाही."

त्या गेल्यावर हे लिहिते आहे. एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही. वैद्यांनी चौदा दिवस सांगितले होते. पंधराव्या दिवशी ताप उतरला नव्हता म्हणून पुढचे मी केले. मला वाटले, चौदाने उतरला नाही तर एकवीसने उतरेल. मला वाटले, मी जितकी घट्ट राहीन तितकी ती लवकर उठेल.

नाक हलते आहे.

रविवार, १२ एप्रिल

एक लेंडी.

बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, कोरडी, वर केस गुंडाळलेले. पहाटे पाच वाजता दिसली. मी ती तळहातावर घेतली, मी, जिने आयुष्यभर त्याचे खोके हात न लावता काठीने साफ केले. ह्यांना उठवले. ह्यांनी चष्मा लावला, माझा तळहात खिडकीपाशी नेला आणि नीट पाहिले.

"हीच ना?"

"हीच."

"एकच?"

"एक आहे."

ह्यांनी त्या लेंडीला नमस्कार केला नाही एवढेच. मग दुपारपर्यंत आणखी तीन.

मंगळवार, १४ एप्रिल

काल सकाळपासून पुन्हा बंद. जेवढे सुधारले होते तेवढे सगळे परत गेले. पिचकारी तोंडाशी नेली की मान वळवतो, तेवढीच त्याची ताकद आणि ती माझ्याविरुद्ध. मी त्याचे डोके धरून जबरदस्तीने दिले. त्याने गिळले आणि माझ्याकडे पाहिले. मी चार वेळा क्षमा मागितली आणि चार वेळा पुन्हा दिले.

देवापुढे बसले, पण काय मागू कळेना. तिच्या वेळी मी वेणू मागितली होती. आता सशासाठी तेवढ्याच जोराने मागितले तर देवाला काय वाटेल. आणि कमी जोराने मागितले तर तो जाईल. तशीच उठले.

भामा दारात आली. आज तिने पाणी मागितले नाही, माझ्याकडेच पाहत राहिली.

"वयनी, सायबाच्या संगती तुमी पण धरलाव काय?"

"काय?"

"उपास. तोंड बघा आरशात. गालांची हाडं वर आल्यात."

मी म्हटले, काहीतरीच. ती गेल्यावर आठवून पाहिले. काल चहा घेतला होता. परवाचे आठवत नाही. स्वयंपाक रोज करते, ह्यांना वाढते. माझे ताट मांडलेले आठवत नाही. भूक लागली नव्हती हे खरे कारण आहे, दुसरे काही नाही.

संध्याकाळी मी म्हटले, "धरता का त्याला?" ह्यांनी कोटही न काढता मांडी घातली. ह्यांच्या मांडीवर तो कमी तडफडला. मी पिचकारी दिली. बावीस घोट. मी मोजत होते आणि हेही ओठांतल्या ओठांत मोजत होते. आमचा आकडा सारखाच आला.

गुरुवार, १६ एप्रिल

पहाटे खोक्यात पाहिले तर तो मान पोटाखाली घालून काहीतरी खात होता. माझा आनंद पोटात मावेना, आणि मग दिसले काय खातो आहे ते. स्वतःचीच. मऊ, द्राक्षांच्या घोसासारखी, ओली. मी काठी घेऊन धावले. तेवढ्यात हॅनाबाई मागच्या दाराने आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"खाऊ द्या."

"अहो, तो काय खातोय ते बघा तरी."

"बघितलं. रोज पहाटे खातो तो. पहिल्या खेपेला जे पचत नाही ते दुसऱ्या खेपेला. त्याशिवाय त्याला ताकद येत नाही."

"पाच वर्षांत मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही उठून झाडेपर्यंत त्याचं उरकलेलं असणार. एखाद्या दिवशी आधी उठला असाल त्या दिवशी उपाशी राहिला असेल."

मी काठी खाली ठेवली. म्हटले, या घरात, या स्वयंपाकघरात.

"त्याचं सोवळं निराळं," हॅनाबाई म्हणाल्या आणि हसू दाबायला तोंडावर पदर घेतला. मलाही हसू आले. किती महिन्यांनी ते सांगता येणार नाही. त्याने आमच्याकडे लक्ष दिले नाही, सावकाश चघळत राहिला.

कान गरम आहेत.

शुक्रवार, १७ एप्रिल

चार वाजता हरळीची एक काडी स्वतः ओढून घेतली. निम्मी खाल्ली, निम्मी टाकली. मग टाकलेलीही खाल्ली. पिचकारी चालूच ठेवायची आहे, आठ दिवस तरी. हॅनाबाई म्हणतात, अजून धोका गेलेला नाही, पण आता तो आपल्या बाजूला आहे.

मी ह्यांना हे सांगायला कचेरीच्या वाटेने निम्म्यापर्यंत गेले आणि परत आले. तिथे जाऊन काय म्हणणार, मामलेदार जेवले?

सोमवार, २० एप्रिल

काल दुपारी पाट उचलताना भोवळ आली. भिंत धरली म्हणून पडले नाही. ह्यांनी मला खाटेवर निजवले आणि हॅनाबाईंना बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "यांना पण दर दोन तासांनी."

आज सकाळी मी उठायच्या आत ह्यांनी चूल पेटवली होती. ह्यांना चहापलीकडे काही येत नाही. स्वयंपाकघरातून पातेल्यांचे आवाज येत राहिले. मग वाटीत पेज घेऊन आले, वर तुपाचा थेंब. मामलेदाराला मांडीवर घेऊन मी खाली बसले होते. त्याची पिचकारी झाली होती आणि आता तो आपली आपण हरळी तोडत होता. त्याचा कुरकुर आवाज खोलीभर.

ह्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि समोर बसले.

"मीठ आहे ना बरोबर?"

मी एक घोट घेतला. म्हटले, आहे.

"नक्की? कमी असेल तर आणतो."

"आहे म्हटलं ना."

पण ह्यांचे डोळे वाटीवरून हलेनात. मग मी विचारले. काय विचारणार आहे ते विचारेपर्यंत मलाही माहीत नव्हते.

"त्या दिवशी पेज दिलीत, तेव्हा वेणू काही म्हणाली?"

ह्यांनी धोतराचे टोक हातात घेतले आणि सोडले. मला वाटले, उठून जातील.

"म्हणाली, बाबा, यात मीठ नाही."

मी वाटी खाली घेतली.

"पेज हॅनाबाईंकडची होती," हे म्हणाले. "मीच मागायला गेलो होतो. त्यांनी आजाऱ्यासाठी म्हणून अळणी केली होती. मी मीठ घ्यायला आत आलो. तू चुलीपुढं होतीस. विचारलंस, काय हवंय. मी म्हटलं, काही नाही. आणि परत गेलो."

तो दिवस मला आठवतो, ते आत आलेले आठवत नाही.

"मग?"

"मग काय. तशीच खाल्ली. वाटीभर."

"चमचाभर म्हणाला होतात."

"तुला चमचाभर सांगितलं."

मामलेदाराने हरळी संपवली आणि माझ्या हाताला नाक लावले. मी आणखी एक काडी दिली. ह्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली.

"वाटी पुसून खाल्ली तिने," हे म्हणाले. "बोटाने. आणि म्हणाली, तुमचा अर्ज अपुरा आहे. मीठ जोडलेलं नाही. मिठासह उद्या पुन्हा सादर करावा."

ह्यांचा आवाज तिथे वेणूसारखा झाला, नाकातला, साहेबी.

"हसली?"

"दोघंही हसलो. तोंडावर हात धरून. तुला ऐकू येईल म्हणून."

पेज गार होत होती. मी ह्यांना चौदा दिवसांचे आणि एकवीस दिवसांचे सांगितले. ह्यांनी ऐकले. "मला माहीत होतं," म्हणाले. "वैद्य मलाही भेटले होते." मग ह्यांनी चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला, आणि मी तोंड उघडले.

साडेअकरा वाजून गेले तरी हे टोपी घालायला उठले नाहीत. मी म्हटले, "आणखी सांगा."